टिटॅनियमचा एक्सल आणि नाल्यातली म्हैस

माझी मोटरसायकल शहाण्णव किलोची होती. हा आकडा पुस्तकातला नाही. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी तोलायच्या काट्यावर ती उभी करून मी स्वतः पाहिला आहे, टाकी अर्धी भरलेली असताना. माझं वजन एकसष्ट, नायट्रोजनचा डबा नऊ, औजारांची पिशवी चार. असे एकशे सत्तर किलो घेऊन मी आदिलाबादकडच्या जैनथच्या बाजूच्या चौदा गावांतून फिरत असे. कागदावर चौदाही गावांना रस्ता होता. प्रत्यक्षात सहा गावांना होता. बाकी आठ ठिकाणी बंडीच्या चाकांनी पाडलेली चाकोरी, काळ्या मातीतल्या भेगा आणि नाल्यातले गोटे.

मी जनावरांच्या दवाखान्यात सहायक होतो. डॉक्टर नव्हतो, पण गावात सगळे डाक्टरसाहेब म्हणायचे. दुरुस्ती करण्याचा प्रयत्न मी दोन वर्षं केला आणि सोडून दिला. गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करायचं, हे माझं मुख्य काम. त्यामुळे तोंडावर डाक्टरसाहेब आणि पाठीमागे दुसरंच नाव होतं. गावात शिरलो की पारावरून कोणीतरी ओरडायचा, "फटफटीवरचा हेला आला रे बाप्पा!" हेला म्हणजे रेडा. सुरुवातीला राग यायचा. मग विचार केला, कामाच्या वर्णनात चूक काय आहे? काहीच नाही. उलट खरा हेला एका गावापुरता असतो, माझ्याकडे चौदा होती.

डब्याबद्दल थोडं सांगायला हवं. त्यात द्रवरूप नायट्रोजन असे, भयंकर थंड, आणि त्यात रेताच्या बारीक काड्या बुडवलेल्या. काडी बाहेर काढली की ती कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची आणि लगेच काम उरकायचं. उशीर झाला की ती फुकट. म्हणून डबाच जनावरापाशी न्यावा लागतो. काडी खिशात घालून नेता येत नाही. डबा आडवाही करायचा नाही. खराब रस्त्यावर तो उड्या मारू नये म्हणून मी मागच्या कॅरिअरवर लोखंडी पट्टा करून घेतला होता, चार बोल्टांनी आवळलेला. पंधरा दिवसांनी जिल्ह्याहून नायट्रोजनची गाडी येई, तेव्हाच तो सोडायचा. एरवी रात्री डब्यासकट मोटरसायकल घरात. आमच्या घरात पाहुण्याला झोपायला जागा नव्हती, पण मोटरसायकलला होती, हे बायकोचं म्हणणं. ते बरोबर होतं.

बायकोचा धाकटा भाऊ हैदराबादला एका कारखान्यात लेथवर होता. रविवारी तो शहराबाहेरच्या माळावर मोटरसायकलच्या शर्यतीत भाग घ्यायचा. रस्त्यावरच्या शर्यती नव्हेत. मातीचे उंचवटे, खड्डे, चिखल, त्यावरून उड्या. एका दिवाळीत तो आमच्याकडे आला. मी मागचं चाक काढून बसलो होतो. त्यानं एक्सल उचलून हातात झुलवला.

"भाऊजी, हा एक्सल हाय का मुसळ?"

"एक्सल. कंपनीचा."

"बाहेरदेशातले शर्यतवाले टिटॅनियमचे लावतात. एक्सल, बोल्ट, समदं. लोखंडाच्या निम्म्याहून थोडं जास्त वजन अन् ताकद तेवढीच. गाडी गोट्यांवरून हरनावानी जाते."

"निम्म्याहून थोडं जास्त म्हणजे किती?"

"थोडं जास्त म्हंजे थोडं जास्त, भाऊजी."

"शंभराला किती?"

तो बहिणीकडे पाहून म्हणाला, "अक्का, तू कशी राहून राह्यली वो यांच्यासंगं?"

"मले सवय झाली," ती म्हणाली. "तू सांग ना बाप्पा आकडा, नाई तं जेवू नाई देणार."

हैदराबादला परत गेल्यावर त्यानं पोस्टकार्ड टाकलं. शंभराला सत्तावन्न. मग मला झोप लागली नाही, असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण उशिरा लागली. त्यानं कारखान्याच्या भंगारातून दांड्याचे तुकडे मिळवून कामाच्या वेळेनंतर लेथवर एक्सल करून द्यायचं कबूल केलं. भंगार रीतसर विकत घेतल्याचा कागद दाखवल्याशिवाय मी ते लावणार नाही, असं मी कळवलं. त्यावर त्याचं दुसरं पोस्टकार्ड आलं. त्यात कागदाचा नंबर होता आणि खाली, "भाऊजी, तुमच्या फटफटीवर बसायची हेल्याचीही हिंमत होणार नाही."

माघ महिन्यात त्याच्या मुलाचं बारसं होतं. बायको हैदराबादला गेली, आणि परत येताना कापडाच्या पुरचुंडीत सगळं घेऊन आली. दोन एक्सल, दोन नट आणि सतरा बोल्ट. रंग राखेसारखा. हातात घेतल्यावर मनगट आपोआप वर जायचं, कारण हाताला लोखंडाची अपेक्षा असायची. आट्यांवर मात्र काळं, चिकट काहीतरी माखलेलं होतं.

"ते काळं राहू द्या," बायको म्हणाली. "भावानं सांगतलं हाय."

"का राहू द्यायचं?"

"ते नाई सांगतलं. पोराच्या बारशात होता तो. राहू द्या म्हने, बस."

कारण नसलेली सूचना मी सूचना मानत नाही. आणि मला वजन करायचं होतं. मळासकट वजन कसं करणार? आट्यांतलं काळं मी रॉकेलमध्ये चिंधी भिजवून पुसून काढलं. दातकोरणीनंही काढलं. नंतर हळद-मिऱ्याच्या व्यापाऱ्याकडे गेलो, कारण गावात पाच ग्रॅमचं वजन त्याच्याकडेच होतं. तो मारवाडी गृहस्थ फार सहनशील होता. जुने भाग एक हजार पाच ग्रॅम. नवे पाचशे सत्तर. वाचले चारशे पस्तीस. मळासकट केलं असतं तर बहुतेक चारशे तीस भरले असते.

"साहब, बेचना है क्या?" त्यानं विचारलं.

"नहीं. तौलना है."

"सिर्फ तौलना?"

घरी येऊन मी आकडा सांगितला. बायको भाकरी थापत होती.

"चारशे पस्तीस गिराम," ती म्हणाली. "तेवढे तं तुमचे सकाळचे पोहे हायेत."

हे मी मनावर घेतलं नाही, पण तपासलं. पोहे ताटलीशिवाय दोनशे ऐंशी भरले. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "अन् चहा?" चहा मी धरला नव्हता.

खरी अडचण वेगळीच होती. आमच्या भागात जनावराचं काम करून गेलेल्या माणसाला कोणी रिकाम्या हातानं जाऊ देत नाही. नको म्हटलं तर बायामाणसं रुसतात, आणि पुढच्या वेळी म्हैस दाखवत नाहीत. तुरीच्या शेंगा, वांगी, अंबाडीची भाजी, एखादं कोहळं. मी आठवडाभर संध्याकाळी घरी आल्यावर पिशवी तोलली. सरासरी चार किलो दोनशे. म्हणजे एक्सलनं जे वाचवलं त्याच्या साडेनऊपट मी रोज कॅरिअरला टांगून आणत होतो. एकशे सत्तर किलोत चारशे पस्तीस ग्रॅम म्हणजे शेकडा पाव. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी लोकांना मी सांगायचो, गाडी हरणासारखी जाते. खरं सांगायचं तर मला काडीचाही फरक कळला नव्हता. आयुष्यात मुद्दाम चुकीची माहिती दिल्याचे जे थोडे प्रसंग मला आठवतात, त्यांत हा आहे.

बोल्ट मी कोरडे ठणठणीत लावले आणि पूर्ण जोर देऊन आवळले. एक्सलचे नट, आणि डब्याच्या पट्ट्याचे चारही.

त्या वर्षी नदीकाठच्या एका गावात एका बाईची म्हैस दोनदा उलटली होती. म्हणजे दोनदा रेतन केलं, गाभण राहिली नाही, एकवीस-बावीस दिवसांनी पुन्हा माजावर आली. बाई पस्तिशीतल्या, घरात दोन मुली आणि कापसाचं शेत. त्या म्हशीची आई त्यांच्या माहेरून आली होती, लग्नात. आई मेली, ही तिच्यामागे राहिली. नवरा भला माणूस होता, पण म्हशीला चारा घालून थकला होता. त्यानं माझ्यासमोरच सांगून टाकलं, "डाक्टरसाहेब, तिसरी खेप. आता राहिली तं राहिली. नाई तं बुधवारच्या बजारात नेतो. गिऱ्हाइकाले शब्द देऊन ठेवला हाय."

मी निघालो तेव्हा बाई मोटरसायकलपाशी आल्या, कॅरिअरला कोहळं बांधलं आणि म्हणाल्या, "टायमावर या, भाऊ. बाकी म्या पाहून घेतो."

म्हशीचं टायमावर येणं सोपं नसतं. गाय माजावर आली की हंबरून गाव उठवते. म्हैस बरेचदा मुक्यानं येते. कळतं तेव्हा निम्मा वेळ गेलेला असतो. नियम असा, की पहाटे लक्षात आलं तर संध्याकाळी भरवायची. नवे बोल्ट लावल्यावर नायट्रोजनची गाडी अजून यायची होती, तेव्हा एक दिवस सकाळी त्या गावच्या दूधवाल्यानं सायकलवरून निरोप आणला. पहाटे पाचला लक्षण दिसलं. म्हणजे मला संध्याकाळी पाचच्या सुमारास काम करायचं होतं. अंतर अकरा किलोमीटर. हाताशी वेळ असावा म्हणून मी दोनला निघालो.

गावाच्या अलीकडे चार किलोमीटरवर एक फाटा आहे. चहाची टपरी, एक कडुनिंब, आणि लोहाराची भट्टी. तिथे अडीचला मागचं चाक बसलं. पंक्चर नव्हतं, ट्यूब वाल्व्हच्या मुळाशी फाटली होती. तिला ठिगळ लागत नाही. पण माझ्याजवळ नवी ट्यूब होती, पाने होते, पंप होता. मी अजिबात घाबरलो नाही. चहा सांगितला, पाना लावला आणि एक्सलचा नट फिरवला.

तो दीड फेरा फिरला, आणि थांबला. पुढेही जाईना, मागेही येईना. जोर दिला तेव्हा नट आणि एक्सल एकजीव होऊन सोबत फिरू लागले.

लोहार आला. वय साठीच्या पुढे. त्यानं नट पाहिला, नखानं टोकरला.

"हे कोन्तं लोखंड होय, साहेब?"

"लोखंड नाही, टिटॅनियम."

"कोन गावचं?"

"हैदराबाद."

"तरीच," तो म्हणाला, आणि घण आणला. घणानं काही झालं नाही. मग त्यानं हॅकसॉ लावला. पहिलं ब्लेड दहा मिनिटांत गुळगुळीत झालं. दुसरं आठ मिनिटांत. नटावर नखाएवढी चीर. तिसरं ब्लेड त्यानं लावलंच नाही; काढून कनवटीला खोचलं आणि म्हणाला, "हे मेल्यावर बी राहीन साहेब. तुमी नाई राहणार, म्या नाई राहणार."

सव्वातीन झाले होते. मी ठरवलं, मोटरसायकल इथेच ठेवायची, डबा घेऊन चालत जायचं. नऊ किलो, चार किलोमीटर, एक तास. वेळेत होतं. मी पट्ट्याच्या बोल्टला पाना लावला.

ते चारही तसेच होते.

तेव्हा मला त्या काळ्याची आठवण झाली. रॉकेल, चिंधी, दातकोरणी, सगळ्याची क्रमवार आठवण झाली. पण त्या क्षणी ते कोणाला सांगून उपयोग नव्हता, म्हणून मी सांगितलं नाही. डबा मोटरसायकलला सोडत नव्हता, मोटरसायकल फाट्याला सोडत नव्हती, आणि पलीकडे म्हैस वाट पाहत होती.

टपरीवर एक बंडीवाला बसला होता. बाजारात कापूस टाकून रिकामी बंडी घेऊन त्याच गावाला निघालेला. त्यानं सगळा प्रकार पाहिला होता.

"साहेब, फटफटी टाका बंडीत. काऊन रडून राह्यले?"

"मी रडत नाही. हिशेब करतोय."

हिशेब असा होता. रिकामी बंडी तासाला चार किलोमीटर जाते, पण मोटरसायकल उभी बांधून, डबा हेंदकळू न देता, तीन. चार किलोमीटरला एक तास वीस मिनिटं, आणि बांधायला अर्धा तास. पाच वाजून जातात. पण म्हैसही इकडे निघाली तर? म्हैस तासाला दोन. दोघं समोरासमोर, तासाला पाच. चार भागिले पाच, अठ्ठेचाळीस मिनिटं. शाळेत समोरासमोर येणाऱ्या आगगाड्यांची गणितं मी शेकड्यांनी सोडवली होती. ती कधीतरी उपयोगी पडतील असं मास्तर म्हणायचे. त्यांच्या डोळ्यांसमोर म्हैस नसावी.

सकाळचा दूधवाला रिकामे कॅन घेऊन परत चालला होता. त्याला थांबवून सांगितलं, म्हैस घेऊन फाट्याच्या वाटेला लागा. त्यानं दोनदा विचारलं, "म्हैस? फटफटीकडे?" मी दोनदा हो म्हटलं. तो पायडल मारत निघाला आणि गावापर्यंत भेटेल त्याला सांगत गेला, हे नंतर कळलं.

चौघांनी उचलून मोटरसायकल बंडीत उभी केली. दोन्ही बाजूंनी दोर. डबा डुलू नये म्हणून मी सीटवर बसलो, दोन्ही हात मागे करून डब्याला धरून. बंडी निघाली. कापूस वेचणाऱ्या बाया उभ्या राहून पाहू लागल्या. एकीनं ओरडून विचारलं, "कोनाच्या वरातीचा नवरदेव होय गा?"

बंडीवाला म्हणाला, "हेला होय! म्हशीच्या घरी चालला!"

थोडं पुढे गेल्यावर तो मान वळवून म्हणाला, "साहेब, जराशी किक मारा ना. बैलं थकले."

गणित चुकलं नव्हतं. चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी मला समोर नाला दिसला, आणि पलीकडच्या काठावर म्हैस, बाई, नवरा, आणि पाहायला आलेलं अर्धं गाव. गणितात नाला धरला नव्हता. कंबरभर पाणी दिसताच म्हैस, जी दीड किलोमीटर उन्हात चालून आली होती, सरळ आत शिरली आणि मधोमध बसली. वर फक्त शिंगं, नाक आणि डोळे.

नवऱ्यानं शेपूट ओढलं. दोघांनी दावं ओढलं. बंडीवाल्यानं सल्ला दिला, "साहेब, तुमीच उतरा पान्यात." मी हातावरच्या घड्याळाकडे पाहत होतो. चार बावन्न. चार अठ्ठावन्न. नवरा काठावर बसला आणि बायकोला म्हणाला, "पाह्यलं? तिच्याच मनात नाई. बुधवारी नेतो मी."

बाईंनी लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरल्या. ओढलं नाही, मारलं नाही. म्हशीच्या कानापाशी तोंड नेऊन रागं भरल्या, जशा मोठ्या मुलीला भरतात. "ऊठ वो बाई. ते साहेब फटफटी बंडीत घालून आले तुयासाठी. मायासाठी नाई आले कधी कोनी. ऊठ. मायी इज्जत हाय त्याच्यात." आणि वळून आमच्या काठाकडे चालू लागल्या, मागे न पाहता. म्हैस उठली आणि त्यांच्या मागे आली.

तिला बंडीच्या चाकाला बांधलं. मी बंडीत मोटरसायकलवर उलटा बसून काडी काढली, थर्मासमधल्या पाण्यात धरली, पुसली, भरली, खाली उडी मारली. पाच वाजून सात मिनिटांनी काम झालं. मग कोणीतरी मागून म्हणालं, "संपलं? एवढंच?"

दुसऱ्या दिवशी आदिलाबादच्या वर्कशॉपमध्ये विजेच्या ग्राइंडरनं एक्सल आणि पट्ट्याचे बोल्ट कापले. पांढऱ्याशुभ्र ठिणग्या उडाल्या, दिवाळीसारख्या. आजूबाजूचे मिस्त्री काम सोडून पाहायला आले. मी जुने, लोखंडी भाग परत बसवले, ग्रीस लावून. मेहुण्याला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं. टिटॅनियम कोरडं घासलं की समोरच्या धातूला चिकटतं, मग ते टिटॅनियम असो की लोखंड. ते काळं त्यासाठीच होतं. बायकोनं पोस्टकार्ड वाचलं, देवळीत ठेवलं, आणि तीन दिवस त्यावर एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बुधवार आला आणि गेला. नवऱ्यानं म्हैस नेली नाही. एकवीस दिवस थांबतो म्हणाला. एकविसावा दिवस गेला, बाविसावा, पंचविसावा. म्हैस माजावर आली नाही. मुका माज असू शकतो, म्हणून मी कोणाला काही सांगितलं नाही. तीन महिने पूर्ण झाल्यावर गेलो, हात घालून तपासलं. पुन्हा तपासलं. नवरा समोर उभा होता, बाई गोठ्याच्या दारात, पाठ करून.

"गाभण आहे," मी म्हणालो.

बाई वळल्या नाहीत. नवऱ्यानं डोक्यावरचा पटका काढून पुन्हा बांधला आणि म्हणाला, "गिऱ्हाइकाले सांगा लागते आता."

दहा महिने भरल्यावर म्हैस व्याली. पारडू झालं, मादी. दोन दिवसांनी तो दूधवाला आमच्या दारात आला आणि चिकाचा डबा ठेवून गेला. बायकोनं तो घेतला, हातात झुलवला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"करा वजन," ती म्हणाली.

मी केलं. दोन किलो तीनशे भरलं.

"झाकनासकट?"

"झाकणासकट."

"पुसलं नाई तं काही?"

नाही म्हणालो. पुसलं नव्हतं.